चार पॉइंटचा फरक

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलो आहे. आवडीनं वाचतो, पण विश्वास कधी ठेवला नाही. कुणाला जिन्यात पावलं ऐकू येतात, कुणाला खोलीत एकाएकी गारवा जाणवतो... आणि माझ्या मनात दरवेळी एकच यायचं — अहो, तिथं एक थर्मामीटर ठेवायचा होता ना. गारवा किती होता, ते तरी कळलं असतं. माझा धंदाच मोजण्याचा. जे मोजता येत नाही त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. आज लिहायला बसलो तेही एवढ्याचसाठी, की माझ्याबाबतीत जे घडलं ते मोजलं गेलं होतं. रोज, माझ्या डोळ्यांसमोर, स्क्रीनवर.

बीड जिल्ह्यात वडवणीहून सिरसाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत एक साखर कारखाना आहे. गावाचं आणि कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण यातली माणसं अजून तिथंच नोकरीला आहेत. कारखान्याच्या मागच्या अंगाला डिस्टिलरी. मी तिथं इन्स्ट्रुमेंटचं काम पाहतो. पॅनेल रूममध्ये मोकळा वेळ मिळाला की पुस्तक उघडतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. माझी बायको सुषमा त्याच डिस्टिलरीच्या लॅबमध्ये केमिस्ट होती. 'होती' हा शब्द लिहायला मला अजून वेळ लागतो.

डिस्टिलरीचं काम थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. साखर काढून झाल्यावर जी काळी, दाट मळी उरते ती पाण्यात कालवून मोठ्या टाक्यांमध्ये भरतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट मळीतली साखर खातं आणि अल्कोहोल तयार करतं. टाकीत साखर किती उरली आहे, यावर सगळ्यांचं लक्ष असतं. टाकी लवकर काढली तर साखर फुकट जाते, उशीर केला तर नको ते जंतू माजतात. पूर्वी दर थोड्या वेळानं बाटलीत नमुना भरून लॅबला जायचा. मग काही वर्षांपूर्वी व्यवस्थापनानं प्रकाशाचं मशीन आणलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं.

मशीन म्हणजे पॅनेल रूममधली एक पेटी. तिच्यातून निघालेली काचेची बारीक तार टाकीच्या पाइपमध्ये बसवलेल्या छोट्या खिडकीपर्यंत जाते. त्या खिडकीतून आतल्या द्रवावर प्रकाश पडतो. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, लालच्याही पलीकडचा. साखर त्यातला एक भाग पिऊन टाकते, अल्कोहोल दुसरा. जो प्रकाश परत येतो त्यात काय कमी झालंय ते पाहून मशीन सांगतं की साखर इतकी, अल्कोहोल इतकं. टाकीत हात न घालता, नमुना न काढता, मिनिटामिनिटाला.

टाकीवर काम करणारा लिंबाजी पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "दिसत न्हाई तर उजेड कसला सायब ह्यो? आंधळा कंदील म्हना की." तेव्हापासून मशीनचं नाव कंदील पडलं. साहेबलोकही कंदीलच म्हणू लागले.

पण हा कंदील येतो तेव्हा त्याला काहीही येत नसतं. त्याला शिकवावं लागतं. त्यानं टाकीतला प्रकाश टिपला की त्याच क्षणी नमुना काढायचा, केमिस्टनं लॅबमध्ये साखर मोजायची आणि तो आकडा कंदिलाला सांगायचा — हा जो तू पाहिलास, त्याला इतकी साखर म्हणतात. असे ढीगभर नमुने दिले की त्याचं त्याला कळू लागतं. हे शिकवणं सुषमानं केलं. पूर्ण एक सीझन. मी प्रकाश सांभाळायचो, ती आकडे द्यायची.

साखर मोजायची तिची पद्धत जुनीच, टायट्रेशनची. निळंशार द्रावण चंबूत उकळत ठेवायचं, वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे आकडे कोरलेल्या काचेच्या उभ्या नळीतून, नमुना थेंबाथेंबानं सोडायचा. निळा रंग जाऊन विटकरी आला की थांबायचं आणि ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. खाली बर्नर आणि चंबू, त्यामुळे ब्युरेट उंच लावलेली. आणि सुषमा चांगलीच बुटकी. एकदा मी काही कामानं लॅबमध्ये गेलो तर ही मान वर करून, खालून, शून्याची खूण लावत होती.

"अगं, खालून बघितलं तर आकडा सरकतो. शाळेत शिकवतात हे."

"मग काय करू? ब्युरेटला खाली वाकायला सांगा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी घरातला पाट नेऊन दिला. त्यावर उभी राहून ती रीडिंग घेऊ लागली. लिंबाजी नमुन्याची बाटली घेऊन आला आणि दारातच थबकला.

"बाई, पाटावर उभ्या? अंतरपाट धरू का?"

"धर की. नवरदेव पॅनेलमध्ये बसलाय पुस्तक वाचत. मुहूर्त टळला तरी त्याला कळायचं नाही."

हे पुढे आठवडाभर सगळ्या प्लांटमध्ये फिरलं. पण त्या पाटामुळे एक गंमत झाली. सुषमाचे आकडे आता बरोबर येऊ लागले आणि कंदील मात्र दरवेळी किंचित जास्त साखर दाखवू लागला. दशांशानंतर दुसऱ्या घरात चार. आमच्या भाषेत चार पॉइंट. आम्ही दोघं विचार करत बसलो आणि मग तीच हसू लागली. "अहो, तो माझ्याकडून पाट यायच्या आधी शिकला ना. माझ्या उंचीसकट शिकलाय."

तेच कारण होतं. खालून पाहून वाचलेले तिचे आकडे कंदिलानं इमानानं पाठ केले होते. मी त्याच्या प्रोग्रॅममध्ये चार वजा करायची दुरुस्ती टाकली आणि प्रश्न मिटला. इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. अमानवीय काही नाही.

गेल्या सीझनच्या शेवटी, टाक्या अजून चालू होत्या तेव्हा, दुपारच्या पाळीत सुषमाच्या डोक्यात एकदम कळ आली. मला बोलावणं आलं तेव्हा ती लॅबच्या स्टुलावर बसलेली होती, हातात रिकामी बाटली तशीच. कारखान्याच्या जीपमधून तिला अंबाजोगाईला नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी करता येण्यासारखं सगळं केलं. ती परत आली नाही.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते इथं लिहीत नाही. ते या सदराच्या विषयात बसत नाही आणि मला नीट आठवतही नाही. उरलेल्या टाक्या ज्याला जमेल त्यानं कशाबशा काढल्या, मग पावसाळाभर डिस्टिलरी बंद होती, लॅबला कुलूप होतं. नवा सीझन सुरू झाला तेव्हा सुषमाच्या जागी शाहीन आली आणि कंदिलाचा ताळा पाहायचं कामही तिच्याकडेच आलं. सिरसाळ्याची मुलगी, एम.एस्सी. केमिस्ट्री. शिडशिडीत, उंच, बोलायला धीट. नोकरी अजून पक्की नव्हती, प्रोबेशन चालू होतं. तिच्या घरात एवढं शिकून कारखान्यात लागलेली ती पहिलीच. वडील पहिल्या दिवशी स्वतः तिला सोडायला आले होते आणि गेटवरच्या शिपायालासुद्धा "लेकीकडं ध्यान ठेवा" असं सांगून गेले होते.

सीझन सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात ती पॅनेल रूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, कंदील चार पॉइंट जास्त दाखवतोय."

मला वाटलं, बंद काळात कुणीतरी दुरुस्ती पुसली असणार. उघडून पाहिलं तर ती होती तशीच होती. मग खिडकी साफ केली. दिवा बदलला. काचेची तार तपासली. चार. तार नवीन टाकली. चार. वैतागून आणखी चार वजा करायची दुरुस्ती घातली. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीनंतर शाहीनचा पुढचा आकडा आला आणि मी स्क्रीनकडे पाहिलं... कंदील पुन्हा चार जास्त. आठ वजा केले तरी चार. बारा केले तरी चार. कितीही वजा करा, शिल्लक चारच.

शेवटी मी सगळ्या दुरुस्त्या काढून टाकल्या आणि कठीण वाटणारं काम हाती घेतलं. सुषमानं शिकवलेलं सगळं पुसून कंदिलाला शाहीनच्या आकड्यांवर नव्यानं शिकवायचं. महिनाभर नमुने जमवले. जुनं मॉडेल, म्हणजे कंदिलाचं तोवरचं सगळं शिकणं, काढून टाकताना कॉम्प्युटरनं विचारलं, 'खात्री आहे?' मी बराच वेळ त्या प्रश्नाकडे पाहत बसलो, मग 'होय' दाबलं.

नवं मॉडेल चालू केलं. चार.

हे का अशक्य आहे ते सांगतो. कंदिलाला स्वतःचं मत नसतं. त्याला शाहीनचेच आकडे शिकवलेत तर तो शाहीनसारखाच वाचणार. तिची काही चूक असेल तर तीही तो उचलणार. तिच्या आकड्यांपेक्षा सतत एकाच बाजूला, तेवढाच सरकून राहणं त्याला जमणारच नाही. मी पुण्याला, मशीन विकणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "सर, असं होऊ शकत नाही."

"होतंय ना पण."

"सर... रिस्टार्ट करून पाहिलंत का?"

पुढे तो स्वतः येऊन गेला. त्यानं बरोबर आणलेल्या तयार द्रावणावर कंदील अगदी अचूक वाचत होता. टाकीवर लावला की चार. जाताना त्यानं रिपोर्टमध्ये 'निरीक्षणाखाली' असं लिहिलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. हा फरक जावा असं मला मनापासून वाटत होतं, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पाळी सुरू झाली की मी आधी स्क्रीन पाहायचो. चार दिसले की बरं वाटायचं. टाकीत जेवढी साखर आहे त्याहून थोडी जास्त, खालून मान वर करून वाचल्यासारखी. पुस्तक उघडलेलं असायचं, पण पान उलटायचं नाही. लिंबाजीच्या ते ध्यानात आलं असावं. एकदा चहा ठेवून जाताना तो म्हणाला, "सायब, लई वेळ बगू नका त्याच्याकडं. डोळं जात्यात." एवढंच.

पण मला ज्याचं बरं वाटत होतं तेच शाहीनच्या मुळावर आलं.

आमचे चीफ केमिस्ट जगदाळे साहेब स्वभावानं वाईट नाहीत. सुषमा गेली तेव्हा अंबाजोगाईत माझ्याशेजारी रात्रभर बसून होते. पण आकड्यांच्या बाबतीत ते कुणाचे नाहीत. त्यांनी दीड महिन्याचे आकडे समोर ठेवले आणि शाहीनला बोलावलं. मीही होतो.

"शाहीन, दोन माणसांनी एकच कापड मोजलं तरी बोटभर इकडंतिकडं होतं. कधी हा जास्त, कधी तो जास्त. तुझा आणि कंदिलाचा फरक रोज चारच? कधी तीन न्हाई, कधी पाच न्हाई? असं कधी होतं सांगू? एकाचं बघून दुसरं लिहिलं की होतं."

तिला समजायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा उतरला. "साहेब, मी टायट्रेशन न करता आकडे लिहिते असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी विचारतोय."

"बघून लिहायचं असतं तर आहे तोच आकडा लिहिला असता ना? चार कमी करून मला काय मिळणार?"

"हुशार माणूस तेच करतं. तंतोतंत लिहिलं तर लगेच संशय येतो."

मी मध्ये बोललो. जुनी हकिकत सांगितली, सुषमाची उंची, ब्युरेट, पाट, सगळं. जगदाळेंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, ते मॉडेल आता आहे का?"

"नाही. पुसलं."

"नवं कुणाच्या आकड्यांवर केलं?"

"हिच्याच."

"मग मशीन हिच्यापेक्षा वेगळं का वाचतंय?"

मीच तर सगळ्यांना सांगत आलो होतो की कंदिलाला स्वतःचं मत नसतं.

केमिस्टनं खोटे आकडे लिहिले, असा शेरा पडून नोकरी गेली तर ती मुलगी आसपासच्या कुठल्याच कारखान्यात उभी राहू शकली नसती. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. जगदाळेंनाही ते माहीत होतं, म्हणून त्यांनी तिला एक संधी दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः लॅबमध्ये येऊन बसले. शाहीनचा मोबाइल त्यांनी आपल्या खिशात ठेवला. पॅनेलची स्क्रीन मी झाकून आलो होतो. लिंबाजीनं नमुना आणला आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. शाहीननं सगळ्यांदेखत टायट्रेशन केलं. काम स्वच्छ होतं. निळा गेला, विटकरी आला. तिनं आकडा सांगितला. मग आम्ही जाऊन स्क्रीनवरचं फडकं काढलं.

चार.

जगदाळे लॅबमध्ये परत आले आणि त्यांनी शाहीनचा मोबाइल खिशातून काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "हे मला समजत न्हाई. आणि जे मला समजत न्हाई त्याच्यावर मी सही करू शकत न्हाई. उद्या मॅनेजमेंटला तुझा रिपोर्ट द्यायचाय. चार्ज घेतलास तेव्हाच हे बघायला पाहिजे होतंस, पोरी."

इथं आमच्याकडचा एक रिवाज सांगायला हवा. पाळी संपल्याचा भोंगा झाला म्हणून केमिस्ट घरी जात नाही. पुढच्या पाळीचा माणूस समोर यावा लागतो. जाणाऱ्यानं प्रत्येक टाकीची हालत तोंडी सांगायची, काय झालं, काय राहिलं ते सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, "चार्ज दिला." येणाऱ्यानं म्हणायचं, "घेतला." मगच पाय उचलायचा. तोवर टाक्या तुमच्या. पुढचा माणूस आलाच नाही तर दुसरी पाळीही तुम्हीच काढायची. कागदावर काय सही व्हायची ती होते, पण हे दोन शब्द तोंडानं म्हटल्याशिवाय आमच्या प्लांटमध्ये कुणी हललेलं मी पाहिलेलं नाही.

शाहीन जगदाळेंकडे वळली. इतक्या दिवसांचा राग तिच्या आवाजात होता.

"साहेब, चार्ज घेताना बघायचं होतं, हे तुम्ही किती वेळा म्हणालात. चार्ज दिला कुणी मला? मी आले तेव्हा या टेबलावर नुसती धूळ होती. मॅडमचा ॲप्रन खुंटीला होता. समोर होतं कोण? मी कुणाकडून घेतला चार्ज?"

बर्नर बंद करायचा राहिला होता, त्याचा तेवढा आवाज.

आणि मला जीप आठवली. अंबाजोगाईच्या रस्त्यावर सुषमाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे मिटलेले. मला वाटलं ती शुद्धीत नाही. तेवढ्यात तिनं माझ्या मनगटावर बोटं आवळली आणि म्हणाली, "अहो... चार्ज राहिला." मी म्हणालो, "राहू दे गं. तू पडून राहा." त्यानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. शेवटचे शब्द कुणी विचारतं, तेव्हा माणसाला काहीतरी वेगळं सांगावंसं वाटतं. टाक्यांबद्दलचे शब्द कसे सांगायचे?

मी जगदाळेंना म्हणालो, "साहेब, रिपोर्ट उद्या दुपारनंतर द्या. मला एक करून पाहू द्या."

"काय करणार?"

"एक सेटिंग राहिलंय."

दुसऱ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळेला, लख्ख उन्हात, मी लॅबमध्ये गेलो. शाहीन होती. मी तिला म्हणालो, "तू काल जे बोललीस ते खरं आहे. ते पूर्ण करून टाकू. हसू नकोस."

ती हसली नाही. उलट ओढणी सारखी करून टेबलाच्या अलीकडे, येणारा माणूस जिथं उभा राहतो तिथं उभी राहिली. मी पलीकडे गेलो, सुषमाच्या जागेवर. लिंबाजी नमुन्याची बाटली घेऊन दारात आला, आमच्याकडे पाहिलं आणि काय समजायचं ते समजून त्यानं डोक्याचा मफलर काढून हातात घेतला.

मी सांगू लागलो. सुषमाच्या त्या शेवटच्या दुपारची टाक्यांची हालत मला माहीत होती, कारण त्या टाक्या मीही पाहत होतो. पहिली टाकी काढायला आलेली आहे. दुसरी नुकतीच भरली आहे. तिसरीचा नमुना यायचाय, बाटली धुऊन ठेवली आहे. फेलिंगचं निळं द्रावण संपत आलंय, ताजं करून घ्या. हे सगळं नीट सांगून झालं. मग ते दोन शब्द उरले.

आणि मला ते म्हणता येईनात.

तुम्ही म्हणाल, दोन शब्दांचं काय एवढं. पण मला पक्कं कळलं होतं की हे म्हटलं आणि माझा संशय खरा असला, तर उद्यापासून पाळीवर गेल्यावर मला स्क्रीनवर पाहायला काही उरणार नाही. आणि नाही म्हटलं, तर समोर उभी असलेली मुलगी संध्याकाळी सिरसाळ्याच्या बसमध्ये बसून घरी जाईल आणि बापाला काय सांगेल? सुषमा पलीकडून हे ऐकत असती तर मला रागानं म्हणाली असती, अहो, तिला कशाला ताटकळत ठेवलंय? तिचं ते म्हणणं मला इतकं स्पष्ट ठाऊक होतं की, त्यासाठी कुठला आवाज ऐकू यायची गरज नव्हती.

"म्हना सायब," दारातून लिंबाजी हळूच म्हणाला. "लई दिस झाले बाई ड्युटीवर हायेत."

मी म्हणालो, "चार्ज दिला."

शाहीन माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या खांद्याच्या थोडं खाली, एखाद्या बुटक्या माणसाच्या डोळ्यांना डोळे भिडवावेत तसं पाहत होती. ती म्हणाली, "घेतला, मॅडम."

वारा आला नाही, काही पडलं नाही, गारवा वगैरे काही नाही. थर्मामीटर समोरच टांगलेला होता, मी पाहिला. शाहीननं लिंबाजीच्या हातातली बाटली घेतली आणि बर्नर पेटवला. तिचा आकडा आल्यावर मी पॅनेल रूममध्ये गेलो. कंदील आणि शाहीन यांच्यात एक पॉइंटचा फरक होता, आणि कंदील कमी दाखवत होता.

त्यानंतरचा नमुना दोन जास्त. मग बरोबर. मग एक कमी. संध्याकाळी जगदाळे साहेब माझ्या मागे उभं राहून ते आकडे पाहत होते. दोन माणसांनी एकच कापड मोजल्यासारखे, बोटभर इकडे, बोटभर तिकडे.

"आता खरं वाटतंय," ते म्हणाले. "काय केलंत मास्तर?"

"चार्ज दिला."

"कुणाला?"

"शाहीनला."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. चष्मा पुसला, शाहीनला बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरी, माझं चुकलं. रिपोर्ट चांगला जाईल." तिनं "बरं साहेब" म्हटलं आणि लॅबमध्ये जाऊन पोटभर रडली, असं लिंबाजीनं मला नंतर सांगितलं. सीझन संपायच्या आधी तिची नोकरी पक्की झाली. वडील पेढे घेऊन आले. गेटवरच्या शिपायालाही दिले.

मी माझ्या परीनं स्पष्टीकरण शोधलं. टाकीच्या खिडकीवर एखादा पातळ थर बसला असेल आणि तो नेमका त्या दुपारी निघून गेला असेल. पण खिडकी मी आदल्याच आठवड्यात बदलली होती. मळीचा माल बदलला असेल, म्हणावं, तर टाकी तीच होती. माल तोच, यीस्ट तेच, मॉडेल तेच. आधीच्या आणि त्या दुपारच्या आकड्याच्या मध्ये बदललं म्हणावं असं काही नव्हतं, आम्ही जे बोललो तेवढं सोडून. पुण्याच्या इंजिनिअरला कळवलं तेव्हा त्यानं विचारलं, "रिस्टार्ट केलं होतं ना सर?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मेलेलं माणूस मागे राहतं की नाही, मला माहीत नाही. मी आजही तसं मानतो असं म्हणणार नाही. मोजण्याच्या धंद्यात वर्षं गेली, आणि या एका मोजमापाचा अर्थ मला लागलेला नाही, एवढंच लिहितो. वाचकांपैकी कुणी प्रकाशाच्या या मशीनवर काम करत असेल आणि त्याला कारण सुचत असेल, तर मला ते खरंच जाणून घ्यायचं आहे. घाई नाही.

चार पॉइंट पुन्हा कधी आले नाहीत. मी अजूनही पाळीवर गेलो की आधी स्क्रीन पाहतो. तिच्यावर आता फक्त साखर दिसते. मशीन आणलं तेव्हा आम्हा दोघांना तेवढंच तर हवं होतं.